आयव्हीचा हात

तो फोन ठेव आधी, टायलर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या सगळे, कारण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो ऑर्विल माझा उस्ताद होता. सांता पॉलातल्या ह्याच थिएटरचा ऑपरेटर. माणूस इतका रुक्ष, की थाप मारायची म्हटली तरी त्याला सुचली नसती.

१९७८ साल. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. शेवटचा खेळ सुटल्यावर, साडेअकराला, तो गावातल्या थेल्माबाईंना गाडीतून घेऊन आला. अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. येताना त्याच्यासाठी लिंबाचा केक आणला होता.

थिएटरच्या तळघरात ऑर्विलला एका जुन्या चित्रपटाचं शेवटचं रीळ सापडलं होतं. १९२७चा मूकपट, एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. कादंबरीत पूर येतो, ओसरतो, कुणी मरत नाही. चित्रपटासाठी कंपनीनं खरं पाणी सोडलं. गर्दीत उभ्या केलेल्या पोरींत सतरा वर्षांच्या थेल्माबाई होत्या आणि त्यांची धाकटी बहीण आयव्ही. हातात हात धरून. आयव्ही वर आलीच नाही. तो तुकडा कंपनीनं कापला नाही. छान आला होता म्हणे! मला अजून संताप येतो.

"मला एवढंच बघायचंय रे," थेल्माबाई म्हणाल्या, "हात सुटला, की मी सोडला."

"बाई, एकावन्न वर्षं झाली."

"आई मरेपर्यंत विचारत होती. मी सांगायचे, सुटला. पण मला खरंच आठवत नाही, ऑर्विल. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही."

ऑर्विलनं बजावलं, "फिल्म जुनी होऊन आकसलीये, एकदाच चालेल. आणि मधे थांबवायची नाही. ही जुनी फिल्म दिव्यासमोर क्षणभर जरी अडली, तरी भडका उडतो."

"मी कशाला थांबवायला सांगेन? कुक्कुलं बाळ आहे का मी?"

तो वर केबिनमध्ये गेला. दिवे मालवले. खाली पहिल्या रांगेत बाई एकट्या. नुसती मशीनची खटखट. पडद्यावर पूल. गर्दी. मग पाणी.

दोघी दिसल्या. अगदी पुढे. हात घट्ट धरलेले. पाणी छातीला... गळ्याला... आयव्हीनं मान वळवली. शेजारच्या बहिणीकडे नाही. समोर. पहिल्या रांगेकडे.

"थांबव!" बाई किंचाळल्या. "जातेय ती! ऑर्विल, थांबव!"

तीस वर्षांच्या अनुभवाचा ऑपरेटर. त्यानं मशीन थांबवलं.

चित्र गोठलं. दोन हात. बोटांत बोटं... मधोमध तपकिरी डाग उमटला. पसरला. आणि खालून पाण्याचा आवाज आला.

मूकपट होता, पोरांनो.

मग भडका उडाला. केबिनच्या लोखंडी झडपा धाडकन पडल्या. ऑर्विल भुवया जाळून घेऊन बाहेर पडला, हाका मारत जिना उतरला. बाई पडद्यापाशी उभ्या होत्या. उजवा हात पडद्याला टेकवलेला. बाही कोपरापर्यंत चिंब. पाणी टपकत होतं...

"बाई... काय दिसलं? सुटला, की..."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्या वेळी नाही सोडणार."

मार्चअखेर त्या गेल्या. अंत्यविधीला ऑर्विलबरोबर मीही होतो. निरोप घ्यायला शवपेटीवर वाकलो. उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. लहान बोटं. साडेचार महिन्यांत फिके पडायला नकोत?

मी हात लावून पाहिला.

ओले होते.