डोळे उघडेपर्यंत

दहा वर्षांपूर्वी मोबाइलवर फोटो एकदम उघडत नसे. वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा. गणपतीचा फोटो असला तर आधी मुकुट, मग कपाळ, आणि मग... मग नुसतं ते गोल फिरणारं चक्र. अपेक्षाला अजून वाटतं, तेव्हाचं नेट आजच्यासारखं धावत असतं तर तिचं आणि ऋत्विकचं काही म्हणजे काही जमलं नसतं.

सुरुवात झाली हायवेवरच्या गडब गावाजवळ, एका खड्ड्यात.

श्रावण होता. पेणजवळच्या हमरापूरचे मूर्तिकार दिनानाथ, त्यांचा टेम्पो रोह्याच्या गिऱ्हाइकाचे गणपती घेऊन निघालेला. पुढे ड्रायव्हरशेजारी दिनानाथ, मागे पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती, आणि त्या मूर्तींना सांभाळत बसलेली त्यांची लेक अपेक्षा. हायवेच्या खड्ड्यांबद्दल आपण न बोललेलंच बरं. मागचं चाक गपकन रुतलं, मूर्ती कलल्या, अपेक्षाने दोन बाप्पांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं. दिनानाथ खाली उतरून ओरडायला लागले, "नेट लावा रे! कोन हाय का तिकडं? नेट लावा!"

समोर वडापावच्या टपरीला लागून एका मोबाइल कंपनीची छत्री उभी होती. 'मोफत नेट' असं तिच्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं. छत्रीखालचा पोरगा सिमकार्डांचा गठ्ठा घेऊन धावतच आला.

"लावतो ना काका! एक फोटो द्या फक्त. लगेच चालू, आणि एकदम फुकट!"

दिनानाथ त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे शाण्या, टेम्पोला नेट लाव! जोर लाव, जोर!"

अपेक्षा इतकी हसली की कवेतले बाप्पा हलायला लागले. पोरगा कानापर्यंत लाल झाला. पण पळून नाही गेला. सिमकार्डं खिशात कोंबली, टेम्पोला खांदा दिला आणि चाक वर आलं तेव्हा त्याच्या कंपनीच्या पांढऱ्या टी-शर्टवर कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं.

अपेक्षाने पाण्याची बाटली पुढे केली. "बरं लागतं की तुमचं नेट."

"स्पीड थोडा कमी हाय," तोंडावरचा चिखल पुसत तो म्हणाला, "पण तुटत नाय."

तो ऋत्विक. गाव खांब, नोकरी रोह्याच्या दुकानात, आणि हिंडणं अख्ख्या पेण-रोह्यात. पुढच्याच आठवड्यात तो हमरापुरात हजर झाला. कंपनीने पाठवलं, असं म्हणाला. असेलही.

कारखान्यात अपेक्षा आखणीला बसली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, आणि ते करताना तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे. ऋत्विक दारात मुकाट उभा राहिला. तिने ब्रश ठेवला तेव्हा म्हणाला, "मॅडम, फुकट नेट—"

"माझी साइट उघडते त्यात?"

"तुमची... साइट हाय?"

होती. पेणला कॉम्प्युटरचा कोर्स करून तिने स्वतः बनवलेली. दिनानाथ कला केंद्र, हमरापूर. शाडूच्या मूर्तींचे फोटो आणि खाली फोन नंबर. त्या एवढ्याशा साइटवरून नागपूरपर्यंतचं गिऱ्हाईक आलं होतं, आणि वडिलांना दलालाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. ऋत्विकने फुकटच्या नेटवर नाव टाकलं. 'हे पान या योजनेत नाही.' मग तिने एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं नाव टाकायला लावलं. ते लगेच उघडलं. त्यातही गणपती होते. साच्यातले, सगळ्यांचे डोळे एकसारखे.

"म्हणजे शेठच्या दुकानात जायला रस्ता फुकट आणि माझ्या दारात यायला पैसे?"

"असं कसं! पैसे भरले की तुमचीबी उघडते."

"कोण भरेल? फुकटचं सोडून माझ्याकडे कोण वाकडी वाट करून येईल, सांगा ना!"

ऋत्विकने मोबाइल खिशात टाकला. जाताना मात्र उंबऱ्यावर थांबून तो म्हणाला, "माझ्या आईला यातलं काय कळत नाय. पन तिची बहीण सुरतेला हाय, तिचे फोटो आईला या फुकटच्या नेटमुळंच दिसतात. कायच नसल्यापेक्षा थोडं बरं नाय का?"

भांडण असं सुरू झालं. आणि गंमत म्हणजे, भांडायला तो दर मंगळवारी यायला लागला.

एकदा ती चहा घेऊन आली तर तो पायरीवर मोबाइलकडे डोळे लावून बसलेला. साध्या नेटवर, स्वतःच्या पैशाने तिची साइट उघडत होता.

"काय चाललंय?"

"बघतो, उघडतं का."

"उघडलं?"

"हळूहळू..." तो मोबाइलकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

ती शेजारी टेकली. मुकुट आला. कपाळ आलं. चक्र फिरत राहिलं. शेतावरून वारा येत होता, चहा निवत होता आणि दोघंही चक्राकडे बघत होती. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. तिच्या बोटांना रंगाचा.

"डोळ्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो," तो म्हणाला.

"रंगवायलाही लागतो."

"मग लागू दे की. मला कुठं घाई हाय?"

त्या दिवसापासून 'मॅडम' गेलं आणि 'तुम्ही'ही गेलं. मंगळवारी तिचा ब्रश जरा लवकरच खाली ठेवला जाऊ लागला. दिनानाथांना दिसत होतं, पण ते माती मळत राहिले.

आणि डिसेंबर आला. इंटरनेटवर काहींना फुकट वाट आणि काहींना पैशाची, असं चालेल का, यावर फोन-नेटच्या कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी 'ट्राय'ने लोकांचं मत मागवलं. अपेक्षाने रात्र जागून आपलं म्हणणं मराठीत लिहून पाठवलं. ऋत्विकच्या कंपनीने मात्र पोरांना कामाला जुंपलं. गावोगाव फिरा, लोकांना मोबाइलवर फुकटच्या योजनेसाठी 'पाठिंबा' दाबायला लावा. ज्याचे पाठिंबे जास्त, तो पनवेलच्या ऑफिसात पर्मनंट.

तो मंगळवार नव्हता तरी ऋत्विक कारखान्यात आला. पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू झालं होतं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत शाडूत. त्याने सांगितलं ते कोणी धड ऐकूनही घेतलं नाही. आपल्या टेम्पोला खांदा लावणारा पोरगा, त्याला नाही कोण म्हणणार?

"हात मातीचे हायत रे," दिनानाथ म्हणाले, "खिशातून काढ नि तूच दाब."

"माझाबी घे," "हा माझा," करत सगळ्यांचे मोबाइल त्याच्यासमोर पाटावर येऊन पडले.

अपेक्षा उठून उभी राहिली. "माझ्याच कारखान्यात येऊन माझ्याच दाराला कुलूप लावणार तू?"

ऋत्विकच्या हातात दिनानाथांचा मोबाइल होता. अंगठा वर उचललेला. कारखान्यातले थापटण्याचे आवाज थांबले.

"नोकरीचं सोड," ती म्हणाली. "तुझं स्वतःचं मत काय?"

"मला मत नाय," तो हळूच म्हणाला. "मला नोकरी हाय."

मग त्याने मोबाइल परत पाटावर ठेवला. "काका, हात धुवून तुम्हीच दाबा. दुसऱ्याच्या बोटानं नको."

माती मळायला घेतल्यावर मधेच हात कोण धुतो? मोबाइल तसेच पडून राहिले. ऋत्विक गेला. आणि त्यानंतरच्या एकाही मंगळवारी आला नाही.

फेब्रुवारीत निर्णय लागला. वेगवेगळ्या साइटना वेगवेगळा दर लावायचा नाही, सगळ्यांना एकच. फुकटची योजना बंद. दिनानाथांनी कारखान्यात पेढे वाटले. अपेक्षाने आपला पेढा तसाच ताटात ठेवला. जिंकल्याचा आनंद ज्याला चिडवून चिडवून सांगायचा, तोच नव्हता. आत जाऊन ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिने पेणहून रोह्याची एसटी पकडली. रोह्याच्या दुकानासमोर छत्री नव्हती. "त्याची नोकरी डिसेंबरातच गेली," दुकानदार म्हणाला. "खांबला असेल, घरी."

खांबला हायवेच्या कडेलाच घर. अंगणात वालाच्या शेंगांचा ढीग, ढिगाशी त्याची आई हौसाबाई आणि समोर ऋत्विक. तिला बघून तो उठला, पुन्हा बसला.

"पानी आन रे तिला," हौसाबाई म्हणाल्या आणि अपेक्षाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच का गो ती? माझं फुकटचं बंद करनारी?"

"व्हय काकी. मीच."

"बहिनीला नात झाली. फोटो टाकलाय म्हनतात. मला दिसत नाय."

अपेक्षा खाली बसली आणि शेंगा सोलायला लागली. ऋत्विक पाणी घेऊन आला.

"सॉरी म्हणायला नाही आले," ती मान खाली घालूनच म्हणाली. "जिंकले त्याचं वाईट नाही वाटत. पण तू येत नाहीस ते... ते मला सहन होत नाही."

"नोकरी नसताना कुठल्या तोंडानं येऊ?" तांब्या हातात तसाच धरून तो म्हणाला, "आणि मत विचारलं व्हतंस ना? मला वाटतं तू चुकलीस. तुझं दार उघडलं, पन आईची खिडकी बंद झाली."

अपेक्षाने मान वर केली. तिला राग यायला हवा होता. आला नाही. कंपनीचा नव्हे, हा त्याचा स्वतःचा शब्द होता, आणि त्यात थोडं खरंही होतं.

"काकी," ती म्हणाली, "तुमच्या बहिणीची नात मी दाखवते. पूर्ण नेटवर, सगळे फोटो. माझ्या मोबाइलवर."

"आज दावशील. उद्या? रोज येशील का गो पेनवरून?"

"रोज कशाला यायला हवं..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. ती हौसाबाईंशी बोलत होती, पण बघत भलतीकडेच होती. "इथंच राहिले तर?"

ऋत्विकच्या हातातला तांब्या कलंडला. सगळं पाणी शेंगांवर.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "हिचं नि माझं पटत नाय हं. नेटवरनं."

"तुझ्या बापाचं नि माझं कशावरनं पटलं?" हौसाबाईंनी ओल्या शेंगा बाजूला सारल्या. "आधी फोटो दाव गो."

अपेक्षाने मोबाइल काढला. तिघं डोक्याला डोकं लावून बसली. चक्र फिरायला लागलं. आधी टोपडं आलं, मग इवलंसं कपाळ. पेणला जाणारी एसटी फाट्यावर येऊन थांबली, कंडक्टरने अंगणाकडे बघत दोनदा हाक दिली, आणि कोणीच उठत नाही म्हटल्यावर घंटी मारून निघून गेली.