कडी बाहेरून

त्या दुपारी ती फक्त ब्रश धुवायला स्टुडिओत गेली होती. चित्र वाळत ठेवलेलं, त्याला हात लावायचा नव्हता. दार उघडलं आणि लवंगेच्या तेलाचा वास आला. रंग सावकाश वाळावेत म्हणून तिचे चित्रकलेचे सर ते मिसळायचे. तिला तो वास कधीच मानवला नाही, ती ते तेल वापरायचीच नाही. आणि सर जाऊन तर वर्ष उलटलं होतं.

सर अशक्य गोष्टी इतक्या नेमक्या रंगवायचे की बघणाऱ्यानं डोळे चोळावेत. माशाला पंख, पण एकेक खवला जागच्या जागी. आणि दर चित्रात मागच्या भिंतीला अर्धवट उघडा दरवाजा. तो त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेला, तिला सरांकडून. इतकी वर्षं तिनं तो निमूट रंगवला आणि लोक तिच्या चित्रांना सरांची चित्रं म्हणत राहिले. हे पहिलं तिचं स्वतःचं होतं: आईचं स्वयंपाकघर, ओट्यावर झोपलेला ढग, मागे कोरी भिंत. दरवाजा नाही म्हणजे नाही.

आता त्या भिंतीत दरवाजा होता. रंग अजून ओला होता.

तिनं तो खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. मग तिनं मोठ्या बहिणीला बोलावलं.

"राहू दे की," ताई म्हणाली. "शोभतोय."

"शोभणारच. हात सरांचा आहे!"

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे… तू नाही काढलास?"

"मी कशाला काढू?"

"मग जाळून टाक हे… माझं ऐक."

"का म्हणून? चित्र माझं आहे."

भीती तिलाही वाटत होती. पण त्याहून जास्त राग आला होता. अर्धा जन्म सरांच्या छायेत काढला, आता ते गेल्यावरही त्यांचंच चालायचं? तिनं दरवाजा खरवडला नाही. फट बुजवली, दार चौकटीला घट्ट भिडवलं आणि त्यावर लोखंडी कडी रंगवली, गंजासकट, त्यांनीच शिकवलं होतं तितकी नेमकी.

"सर, शिकवलंत, उपकार विसरायची नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "पण आता आत बसा."

वास गेला. प्रदर्शनात चित्र गाजलं ते तिच्या नावानं, सरांची आठवण कुणाला झाली नाही. जो तो कौतुक करत होता दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या रेघेचं, आणि त्यात पडलेल्या दोन पावलांच्या सावल्यांचं. यातलं काहीच तिनं काढलं नव्हतं. तरी तिनं हसून सगळ्यांचे आभार मानले.

चित्र घरी आलं. कागद सोडवता सोडवता ताई थांबली.

"अगं… सावल्या दोनच होत्या ना?"

चार होत्या.

तिनं स्टूल ओढलं, रंग कालवला आणि पहिल्या कडीखाली दुसरी रंगवायला बसली. जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, पहिल्या कडीचा एक खिळा केसभर बाहेर आला होता. तिनं त्याच्यापासूनच सुरुवात केली.