सदतीस अंशांचं विरजण

प्रल्हाद सरनाईक त्या दुपारी लॅबमध्ये गेला तो फक्त एक थेंब सोडायला. भुतंखेतं वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हती. असती तर गेला असता का? छे! भित्रा होता हो तो, अगदी पहिल्या नंबरचा.

साल चौऱ्याऐंशी, गाव ओहायोतलं. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, सगळी युनिव्हर्सिटी घरी टर्की खायला गेलेली. केमिस्ट्रीच्या तळघरात प्रल्हाद एकटा, आणि समोर त्याची पाण्याची टाकी. टाकीत केसाएवढी बारीक, वीस मीटर लांब नळी वेटोळं करून बुडवलेली. एका टोकाने व्हॅलिनचा, म्हणजे एका अमायनो आम्लाचा, थेंब सोडायचा. दोन तासांनी तो दुसऱ्या टोकाला निघतो. वाटेत नळीतल्या पाण्यात किती पसरला, ते एक पेन सरकत्या कागदावर काढून दाखवतं. सगळं नीट झालं, तर कागदावर गुळगुळीत टेकडी उमटते.

पंधरा अंशांना टेकडी आली होती. पंचवीसलाही आली. सदतीसला मात्र तीनदा नुसती वेडीवाकडी झाडी. गाईड डॉ. हॉलिस म्हणाले होते, “सोमवारी सकाळी सदतीसची टेकडी माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर मास्टर्स घे आणि घरी जा.” घर म्हणजे अकोला. तिथे वडिलांनी आधीच गल्लीभर ‘आमचा डॉक्टर’ म्हणून सांगून ठेवलेलं. आता काय तोंड दाखवणार?

आणि खरं सांगायचं, तर पाणी कुठे मुरत होतं ते प्रल्हादला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या खोलीत हिवाळ्यात दही लागायचं नाही. इथे मात्र चोवीस तास सदतीस अंशांचं पाणी! मग काय, जवळच्याच डब्लिन गावातल्या वसुधाकाकूंनी दिलेलं विरजण दुधाला लावून स्टीलचा डबा गुपचूप टाकीत ठेवायचा. काय सुरेख दही लागायचं! पण दर अर्ध्या तासाने टाकीचं झाकण काढून बघायची खोड. टाकी थंड पडणार नाही तर काय होणार?

म्हणून आज त्याने डबा घासून फळीवर उपडा ठेवला. सोमवारपर्यंत दही बंद. दोन वाजता थेंब सोडला आणि स्टुलावर बसला.

बाहेर बर्फ पडत होता. साडेतीनलाच अंधारून आलं. पंप थकल्यासारखा धापा टाकत होता. हळूहळू कुठूनसा आंबूस वास यायला लागला, शिळ्या ताकाचा. प्रल्हादने स्वतःचा शर्ट हुंगून पाहिला. शर्टाचा नव्हता.

चार वाजायला आले, आणि मागून आवाज आला. टण्.

चमचा भांड्यावर आपटावा तसा. प्रल्हादने मान वळवली नाही. कशाला वळवायची? टण्… टण्… पेन थरथरलं आणि कागदावर वेड्यासारखं वर-खाली धावू लागलं. थर्मामीटर सदतीसवरून छत्तीसवर आला, मग पस्तीसवर. हीटर चालू, झाकण बंद. शेवटी जीव मुठीत धरून त्याने मागे पाहिलं. फळीवर उपडा ठेवलेला डबा आता उताणा होता.

तो भिंतीवरच्या फोनला जाऊन चिकटलाच.

“काकू…” तो कुजबुजला.

“कोण, प्रल्हाद? अरे, येतोयस ना जेवायला? मोठ्याने बोल की!”

“मोठ्याने नको काकू… ऐकतंय…”

त्याने सगळं सांगितलं. पलीकडे मागून बशांचा आवाज येत होता. काकू जराही दचकल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेत अठरा हिवाळे काढले होते.

“आधी सांग, दही लागलं की पहिला चमचा बाजूला काढून ठेवतोस?”

“नाही…”

“एकटाच गिळतोस सगळं? दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या पाण्यात?”

“हो काकू…”

“मग! आईने हेच शिकवलं का रे? लाव विरजण. आणि तोंडाने कबूल कर.”

चहासाठी ठेवलेलं दूध होतं, वाटीत जपलेलं विरजणही होतं. त्याने दूध कोमट केलं, विरजण लावलं, डबा टाकीत ठेवला. मग हात जोडून म्हणाला, “जे कोण असाल ते, पहिला चमचा आपला.” भूत इकडचंच असलं तर पंचाईत नको, म्हणून लगेच इंग्रजीत, “फर्स्ट स्पून युअर्स, सर.”

आवाज थांबला. थर्मामीटर सदतीसवर आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. प्रल्हादने पुन्हा थेंब सोडला. या वेळी झाकणाला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. सात वाजता पेन सावकाश वर चढलं, सावकाश खाली उतरलं. कागदावर टेकडी उमटली होती, इतकी देखणी की त्याला रडूच आलं.

रात्रभर त्याने डब्याला हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी उघडला, तर दही लागलेलं, आणि मधोमध एक चमचा दही गायब. कडा स्वच्छ. प्रल्हादने उरलेलं दही मुकाट्याने, उभ्याउभ्याच खाल्लं. त्यानंतर रविवारपर्यंत, डबा टाकीतच ठेवून, त्याने आणखी तीन थेंब सोडले. तीन टेकड्या आल्या, आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. त्याने वहीत प्रामाणिकपणे नोंद केली: ‘टाकीत जादा भांडे, एक.’

सोमवारी हॉलिससाहेब कागद उलटसुलट करून बघत राहिले. “सुंदर! काय बदललंस?”

“सवय, सर,” प्रल्हाद म्हणाला.

“पीएचडी पक्की समज. आता एकच तापमान राहिलं, पाच अंश. महिन्याभरात दे.”

प्रल्हाद हवेत तरंगतच तळघरात आला. आता एवढंच राहिलं होतं! त्याने बर्फाळ पाण्याचा पंप जोडला, टाकी पाचवर आणली, दाराला कुलूप लावलं आणि खोलीवर जाऊन त्या आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपला. पाच अंशांना दही लागत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत मात्र हवा उबदार, थोडी आंबूस. गार पाण्याचा पंप बंद, त्याची नळी सोडवून नीट गुंडाळून ठेवलेली. त्याने थर्मामीटर पाहिला. सदतीस.

टाकीशेजारी दुधाची काचेची बाटली होती. तशा बाटल्या तिथल्या दुकानांत कधीच्याच बंद झाल्या होत्या. बाटलीजवळ दोन चमचे, घासूनपुसून ठेवलेले. बराच वेळ प्रल्हाद दारातच उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने दुधात हळूच बोट बुडवलं.

विरजण लावण्याइतकं कोमट होतं.