मागच्या खोलीची शांतता

शूटिंग आटोपलं, वायरी गुंडाळून झाल्या, तशी पोरं दिवेवाल्या काकांभोवती जमली.

"कान्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे," काका म्हणाले. "मध्ये कुणी बोलायचं नाही."

कान्या म्हणजे काकांच्या जुन्या युनिटमधला आवाज टिपणारा. त्याच्या ताईने चार मित्र जमवून एक सिनेमा काढला होता. शेतातल्या एकाकी घरातून एक बाई नाहीशी होते, एवढीच गोष्ट. घर मात्र खरं होतं. मालक एकटाच राहायचा. बायको कुठे विचारलं की म्हणायचा, "भावाकडे गेलीय." कधी येणार विचारलं की कुत्र्याला हाका मारत बाहेर जायचा.

सतरा नोव्हेंबर, सोमवार. दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोडायचं होतं आणि मागच्या खोलीची शांतता टिपायची राहिली होती. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती मिनिटभर टिपून संवादांखाली अंथरतात, नाहीतर प्रसंग फाटका वाटतो.

"एक मिनिट शांतता आणून दे रे," ताई म्हणाली. "नाहीतर दोन वर्षं पाण्यात."

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मालकाने किल्ली पुढे केली. पण हातातून सोडली नाही.

"तुमच्या यंत्रात बारीकसारीक पण येतं?"

"मुंगी शिंकली तरी येतं."

मालक हसला नाही.

खोलीत पलंग आणि एक कपाट. कपाटाला बाहेरून कडी. कान्याने माइक उभा केला, हेडफोन चढवले. श्वास ऐकू आला. आपलाच असणार, त्याला वाटलं.

ह्या धंद्यात शांतता टिपण्याआधी सगळ्या युनिटला सांगतात, 'श्वास धरा.' मिनिट झालं की, 'सोडा.' इथे सांगायला कुणीच नव्हतं. तरी सवयीने तोंडातून निघून गेलं.

"श्वास धरा."

हेडफोनमधला श्वास थांबला.

कान्याने स्वतःचा अजून धरलाच नव्हता...

त्याने कपाटाकडे पाहिलं. कडी तशीच. दाराबाहेर मालकाची चप्पल वाजली. थांबली.

कान्या पळाला. यंत्र तसंच चालू टाकून.

शेवटी एका पोरीला राहवेना.

"काका, कपाटात कोण होतं?"

"सकाळी कान्याने पोलीस आणले, त्यांच्यासमोर उघडलं. रिकामं. एक हँगरसुद्धा नाही. मालक म्हणाला, 'बघा, सांगत होतो ना.'"

"मग?"

"यंत्र रात्रभर चालू होतं. नंतर कान्याने ऐकलं. त्याची पावलं... दार... मग शांतता. ताईला हवी होती अगदी तशी, स्वच्छ. मिनिटभर नाही. पाच तास."

काकांनी आवाज खाली आणला.

"आणि उजाडताना, माइकच्या अगदी जवळून, एका बाईचा आवाज. दमलेला...

'सोडू का?'"