शेवटचे दोन ट्रे

"मावशी, ही रोपं आपल्यापेक्षा जास्त दमलीत!" असं म्हणत खडू स्वतःच रिकाम्या पोत्यांवर आडवा झाला.

सुट्टीत मावशी काम करते त्या नर्सरीत धमाल करायचा तिघा भावंडांचा बेत उन्हाने दोन दिवसांत गुंडाळला होता. जाळीच्या सावलीत पपईच्या रोपांचे वीस ट्रे होते. मावशी दहा ट्रेंना समुद्रशेवाळाचा अर्क पाण्यातून द्यायची, म्हणजे रोपं ऊन सोसतील. उरलेल्या दहांना नुसतं पाणी. आणि झालं भलतंच! अर्काच्या रांगेतल्या शेवटच्या दोन ट्रेंनी माना टाकल्या.

"मालक म्हणतात, तुझ्या शेवाळानेच जळाली," मावशी थकून म्हणाली. "शनिवारी येऊन बघतील, तोवर रोपं सावरली नाहीत तर अर्क बंद. दोन वर्षं खपतेय मी ह्यावर."

"पण अर्क तर सगळ्यांना एकाच बादलीतून दिलास!" खडूची मोठी बहीण चष्मी पुटपुटली. "मग हे दोनच का? आणि इथे चाकाचा माग कसला?"

बारा ते चार अख्खी नर्सरी झोपायची. त्या दुपारी हे तिघं मात्र पोत्यांमागे दबा धरून बसले.

"मला झोप येतेय," धाकटं पिल्लू कुरकुरलं.

"गप! कुणीतरी आलं!"

नर्सरीचे व्यवस्थापककाका! त्यांनी ते दोन ट्रे पायाने उन्हात ढकलले, सावलीत स्कूटर लावली आणि सीटवर ओलं फडकं मायेने पसरलं! चारच्या आधी येऊन ट्रे पुन्हा जागेवर.

खडू ताडकन उठला. चष्मीने त्याची कॉलर धरली. "आत्ता ओरडलास तर म्हणतील, स्कूटर आजच इथे ठेवली. त्यापेक्षा त्यांनाच कामाला लावू!"

संध्याकाळी त्यांनी शेवटच्या जागी दोन ताजे ट्रे ठेवले : एक अर्काचा, एक नुसत्या पाण्याचा.

"बिचारी पाण्याची रोपं," खडू म्हणाला.

"वाईट मलाही वाटतंय. पण त्याशिवाय कळणार कसं?"

तीन दुपारी काकांनी इमानेइतबारे दोन्ही ट्रे उन्हात ढकलले. पिल्लू डोळे चोळत भिंतीवर कोळशाने वेळ लिहीत राहिलं.

शनिवारी साडेबाराला चष्मीने मावशीला आणि मालकांना ओढतच आणलं.

"ह्या उन्हात? काय पोरखेळ आहे!" मालक वैतागले. मग त्यांना सावलीतली स्कूटर दिसली आणि उन्हातले ट्रेही.

"सीट तापते हो साहेब," आवाज ऐकून धावत आलेले काका चाचरले.

"आणि रोपं तापत नाहीत?"

पाण्याच्या ट्रेमधली रोपं पार झोपली होती. अर्काची पानं मलूल होती, पण रोपं उभी होती!

मालकांनी खाली बसून दोन्ही ट्रे जवळून पाहिले. "म्हणजे अर्क चालतो?"

मावशीला हो म्हणायचा मोह झालाच असणार. पण ती म्हणाली, "एकेका ट्रेवरून ठरत नाही साहेब. पुन्हा नीट करून बघायला पूर्ण हंगाम द्या."

"दिला! आणि ही पोरं माझ्या व्यवस्थापकापेक्षा बरी राखण करतात हो!"

काकांनी स्कूटर उन्हात नेली आणि ट्रे दोन्ही हातांनी उचलून आत ठेवले.

मावशी पोत्यांवर टेकली. तिने तिघांनाही जवळ ओढलं. "शहाणी गं माझी बाळं."

"आता तरी झोपू?" पिल्लूने विचारलं.

"झोप राजा. आज चार वाजले तरी कुणाला उठवणार नाही मी."

तिघंही तोवर झोपले होते.