काकाचा हात

दोष माझ्या बापाचा आहे. बुडालेल्या काकाचा नाही, पुतळा घडवणाऱ्या बाईंचा नाही, नदीचा तर मुळीच नाही.

मी आठ महिन्यांचा असताना पुरात होडी उलटली. नावाडी काकाच होता. त्याने दहा जणांना काठावर ढकललं, शेवटी माझ्या बापाला. बापाने वरून त्याचा हात धरला, पण ओला हात निसटला. ही बापाची गोष्ट. गावातल्या मोठ्यांनी ती वीस वर्षं न तपासता चघळली आणि पुलाजवळ काकाचा पुतळा बसवायचं ठरवलं. कमरेपर्यंत ब्राँझच्या पाण्यात, एक हात पुढे केलेला.

काकाचा फोटो गळ्यापर्यंतचाच होता. हात कुणाचा घ्यायचा?

“याचा घ्या,” बाप म्हणाला. “डिट्टो माझ्या धाकट्या भावाचा आहे. नाहीतरी कॉलेज सोडल्यापासून रिकामाच असतो.”

रिकामा नव्हता. मी दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. पण जे काम चारचौघांत सांगायला बापाला लाज वाटते, ते आमच्या घरी कामच नसतं.

बाईंनी माझ्या हाताला कोपरापर्यंत तेल चोळून प्लास्टर थापलं.

“गरम होईल हं. ओढू नकोस.”

“चोरणार तर नाही ना?”

“परत देईन रे बाबा. साचा तेवढा ठेवीन.”

प्लास्टर खरंच गरम झालं. आणि आतून कुणीतरी माझा हात हलकेच दाबला. सांगणार कुणाला? कॉलेज सोडलेल्याचं कोण ऐकतं?

पुतळा बसला आणि लोकांना सवयच लागली. जाता-येता काकाचा हात हातात घ्यायचा. महिन्याभरात ब्राँझचा तळवा सोन्यासारखा उजळला. माझ्याही तळव्यात दुसऱ्यांची ऊब यायला लागली. सकाळी घाईचे हात, शाळा सुटली की लहान, चिकट. काकूचा सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. खरं सांगू? आवडायचं मला. त्या उबेत ब्रश आपसूक वळायचा. तशी अक्षरं मी आधी कधी काढली नव्हती, पुढेही...

फक्त बापाचा हात कधी आला नाही. भाषणं ठोकली, हात लावला नाही.

त्या दुपारी मी पुलासमोर शिडीवर चढून औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. ऊन पिवळं, साचलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाप आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वर पाहिलं नाही. मग काकाचा हात धरला.

माझ्या तळव्यात त्याची अंगठी रुतली. ब्रश खाली पडला. चिखलाचा वास आला. शिडीवर उभा असूनही छातीपर्यंत गार पाणी चढलं. हाताला घट्ट पकड होती... आणि मग धरणाऱ्या हाताची करंगळी उचलली गेली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं.

निसटणारा हात घसरतो. हा उघडत होता.

मी खाली उतरून बापासमोर उभा राहिलो. त्याने काकाचा हात अजून सोडला नव्हता.

“बाबा... निसटला नव्हता ना?”

“कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. आत्ता.”

त्याने नदीकडे तोंड वळवलं. “दोघंही गेलो असतो रे... तू एवढासा होतास.”

“मला मध्ये घालू नका.”

माझी मूठ आवळली गेली. रागाने, एवढंच वाटलं मला. बाप कळवळला.

“अरे... हात... सुटत नाहीये...”

ब्राँझची बोटं त्याच्या हाताभोवती मिटली होती. माझ्या मुठीसारखीच. मी डाव्या हाताने माझं एकेक बोट ओढून पाहिलं. एकही हललं नाही. मला ते हलायला हवं होतं का, हे आजही छातीठोक सांगता येत नाही.

बापाने कातडी सोलून हात बाहेर काढला. अंगठी आत राहिली.

पालिकेचे लोक आले. उन्हाने धातू वाकतो म्हणाले, त्यावर मान डोलावणारे म्हातारेही जमले. पुतळ्याच्या मुठीत बॅटरी मारून पाहिली. आत काही नव्हतं.

माझी मूठ अजून मिटलेलीच आहे. डॉक्टरांना कारण सापडत नाही. कधी कधी तिच्यातून पाणी ठिबकतं, आणि आत तळव्याला काहीतरी गोल, टणक रुततं.

मी आता पाट्या रंगवत नाही.