भिंतीलगतची रांग

बादलीतलं गढूळ पाणी तिनं भिंतीपलीकडे भिरकावलं आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं.

ती शिडीवर चढून डोकावली. घडीच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता, नखशिखांत भिजलेला. लॅपटॉप तेवढा त्यानं पाठीमागे लपवून वाचवला होता.

"कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून कोण बसतं हो?"

"आणि मेलेल्यांच्या अंघोळीचं पाणी जिवंत माणसावर कोण ओततं?" तो हसला.

"दात काढू नका."

"तोच तर धंदा आहे माझा. डेंटिस्ट आहे मी."

ती जुने दगड दुरुस्त करणारी. ज्यूंच्या या स्मशानभूमीतली प्रत्येक शिळा मऊ ब्रशनं धुवायची, फोटो काढायचा, कोरलेली हिब्रू अक्षरं वाचायची आणि आपलं घराणं शोधणाऱ्यांसाठी ते सगळं इंटरनेटवर चढवायचं, हे तिचं काम. रस्ता रुंद होणार होता. सोमवारी ही भिंत पाडून तिच्या आतल्या अंगाची वेलींनी भरलेली पट्टी सपाट करायला यंत्र येणार होतं. पट्टीत काहीच नाही, असं रस्तेखात्याचा नकाशा सांगत होता.

"माझे पणजोबा आत कुठेतरी आहेत," डॉक्टर म्हणाला. "घरची सगळी कागदपत्रं आगीत गेली. मला आत्यानं वाढवलं. ती आता अंथरुणाला खिळली आहे. तिला फक्त शिळेचा फोटो बघायचाय."

"मग आत या की शोधायला!"

"नाही येता येत. आमचं पुरोहितांचं घराणं. आमच्यातल्या पुरुषांनी कबरींजवळ जायचं नसतं... मधे भिंत असली की चालतं."

तिची आई याच समाजातली होती, पण घरात फारसं कुणी काही पाळत नसे. हा नियम पाळणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. हसू आलं, आणि का कोण जाणे, आवडलंही.

मग रोज दवाखाना आटोपून तो खुर्ची घेऊन येऊ लागला. ती आतून नावं वाचायची, तो बाहेर टाइप करायचा. झिजलेली अक्षरं दिसावीत म्हणून ती आरशानं ऊन तिरकं पाडायची. मधूनच शिडीवर चढून ती तो कवडसा भिंतीवरून त्याच्या कपाळावर पाडायची.

"हा कोणत्या शिळेचा फोटो?"

"कपाळ रिकामंच आहे. काही कोरलेलं दिसत नाही."

"कोरा की मग..." तो म्हणाला, आणि कवडसा झटकन शिळांकडे वळला.

रविवारी शेवटची रांग संपली. पणजोबा सापडले नाहीत.

"जाऊ दे," तो म्हणाला. आवाज मात्र जाऊ देणारा नव्हता. "आत्याला काय सांगू?"

"थांबा. पुरोहितांच्या शिळेवर काय असतं?"

"आशीर्वादाचे दोन पंजे कोरलेले असतात. का?"

"आत पंजे असलेली एकही शिळा नाही. अख्ख्या गावात पुरोहितांचं घर फक्त तुमचंच, आणि तेही आत नाही? डॉक्टर, तुमच्या लोकांना आत यायची बंदी. मग बापाच्या कबरीला मुलगा भेटणार कुठून?"

तो उठून उभा राहिला. "भिंतीबाहेरून."

"म्हणजे त्यांना पुरायचं कुठे?"

उत्तराची वाट न बघता ती कोयती घेऊन वेलींवर तुटून पडली. पानांखाली दगड लागला. मग दुसरा. भिंतीलगत सगळी रांगच होती, आणि प्रत्येक शिळेवर दोन पंजे! वेलीच्या सावलीत जपलेली अक्षरं काल कोरल्यासारखी होती. चौथ्या शिळेपाशी ती थबकली.

"पणजोबांचं नाव पुन्हा सांगा."

त्यानं सांगितलं.

"सापडले!" ती ओरडली. "आणि खाली त्यांच्या वडिलांचंही नाव आहे. डॉक्टर... ते तुमचंच नाव आहे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

तिनं पाठवलेला फोटो त्यानं आत्याला व्हिडिओ कॉल लावून दाखवला, आणि भिंतीआडून तिनं शिळेवरची अक्षरं मोठ्यानं वाचली. आत्या आधी रडली, मग खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझं नाव घरात कुठून आलं, ते आज कळलं रे मला! आणि वाचणारी ती पोरगी कोण? आवाज गोड आहे तिचा."

"आत्या, फोन स्पीकरवर आहे."

"असू दे की. ऐकू दे तिला."

सोमवारी यंत्र आलं, तेव्हा रांगेतल्या सगळ्या शिळा धुऊन उन्हात लखलखत होत्या. रस्तेखात्याच्या इंजिनिअरबाई शिळांकडे आणि नकाशाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"नकाशात इथे काहीच नाही."

"मग नकाशा चुकलाय, बाई," ती म्हणाली. "ही सगळ्यांची नावं. वाचून दाखवू?"

चार नावं ऐकल्यावर बाईंनी हात वर केला. यंत्र मागे फिरलं. रस्ता आता समोरच्या रिकाम्या मैदानाकडून वळणार होता.

भिंतीबाहेर डॉक्टरनं इतक्या जोरात शीळ घातली की झाडावरची पाखरं उडाली.

"ऐका ना," तो भिंतीशी येऊन म्हणाला. "काम संपलं तुमचं. उद्यापासून मी इथे कशाला येऊ...? म्हणजे यायचंय. तुमच्यासाठी. पण मला आत येता येत नाही."

तिनं ब्रश बादलीत टाकला, हात पुसले आणि फाटकाकडे चालू लागली.

"कुठे चाललात?"

"बाहेर," ती म्हणाली. "मला कुणाची बंदी आहे?"